विषय: सोयाबीन उगवलं नाही, ग्राहक आयोगात वकील लावायचा का?

मंडळी, नमस्कार.

आईबाबा दारव्हा तालुक्यात असतात. यंदा चार एकरांत सोयाबीन पेरलं, निम्म्याहून जास्त उगवलंच नाही. दुबार पेरणी करावी लागली. बाबांनी लगेच कृषी कार्यालयात अर्ज दिला, तालुक्याची समिती शेतात येऊन पंचनामा करून गेली. बियाणं सदोष असल्याचं अहवालात लिहिलंय. कंपनी मात्र पाऊस कमी, पेरणी खोल, असं म्हणते.

बियाणं, ट्रॅक्टर, मजुरी, बुडालेलं उत्पन्न मिळून दावा 70 हजारांचा होतो. वकिलांनी फी सांगितली 20 हजार. बाबा म्हणाले, “वकील लावला त जिंकलो तरी आपल्या हाती काय येईन? अन् नाही लावला त त्यायच्या वकिलासमोर मी काय बोलू?”

इथे न्यू जर्सीत स्मॉल क्लेम्सला, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात, 5,000 डॉलरपर्यंतचं प्रकरण माणूस स्वतः चालवतो. यवतमाळला तसं जमेल का?

— एडिसनहून

*

दादा, जमेल. माझ्या थोरल्या भावाने वाशीमच्या आयोगात कपाशीच्या बियाण्याची केस स्वतः चालवली, म्हणून सांगतो.

आमच्या कॅलिफोर्नियात स्मॉल क्लेम्सच्या सुनावणीत वकील उभाच राहू शकत नाही, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या. तिकडे तसं नाही. तुम्ही वकील नाही लावला तरी कंपनीचा येणारच. पण तक्रारदाराला वकील सक्तीचा नाही, आणि बियाण्याची किंमत 5 लाखांच्या आत असल्याने आयोगाची फी शून्य. तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची.

अशा केसमध्ये बोलण्यापेक्षा कागद जास्त चालतो. पंचनामा, पक्की पावती, पिशवी आणि तिच्यावरचा लॉट नंबर असलेलं लेबल. बाबांना सांगा, पिशवी टाकू नका, तिच्यात धान्य भरू नका. “नमुना कुठे आहे?” असं कंपनी विचारेल. शेतकरी सगळं बियाणं पेरतो, थोडं बाजूला ठेवत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या निकालात मान्य केलंय. शेतकरी ग्राहक ठरतो, हेही त्याच निकालात आहे.

भावाची चूक मात्र करू नका. त्याने फक्त कृषी केंद्रवाल्याला पार्टी केलं, कंपनीला नाही. नंतर अर्ज देऊन दुरुस्ती करण्यात सहा महिने गेले. वर त्या दुकानदाराकडेच आमची उधारी. खत तिथूनच घ्यायचं, तेव्हा वर्षभर भावाला त्या दुकानाची पायरी चढवेना. त्याला आधीच भेटून सांगायला हवं होतं, की मुख्य भांडण कंपनीशी आहे.

म्हणून माझं मत असं. पूर्ण केस वकिलाला देऊ नका. तक्रारीचा मसुदा तेवढा एकदा फी देऊन तपासून घ्या, मांडणी बाबांना करू द्या. कंपनीने तज्ज्ञाचा अहवाल आणला किंवा राज्य आयोगात अपील केलं, तर मात्र वकील लावा. कायद्यात तीन ते पाच महिने लिहिलेत, भावाला दोन वर्षं लागली. तारखेला दारव्ह्याहून यवतमाळला जाणं बाबांना झेपेल का, हे फीपेक्षा आधी बघा.

— सॅन होजेहून, मूळचा मानोऱ्याचा

*

मी अमरावतीला काही वर्षं वकिली केली आहे, म्हणून एकच विचारते. पावती आणि सातबारा कोणाच्या नावावर आहे?

आईंच्या नावावर असेल, तर 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे त्यांना मोफत वकील मिळू शकतो. बाईला उत्पन्नाची अट नाही, आणि ग्राहक आयोगातल्या केसलाही ही मदत चालते. यवतमाळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे साधा अर्ज द्यायचा. फोन करायचा तर 15100. लोक लाजतात, मोफतचा वकील कसा असेल म्हणतात. पण आईंचा तो हक्क आहे.

— डॅलसहून

*

ताई, दादा, खूप आभार. रात्री फोन लावला. पावती आईच्याच नावाची निघाली, दुकानात तीच गेली होती. बाबा काही वेळ बोललेच नाहीत, मग म्हणाले, “मंग तक्रारदार थेच होईन.” पिशवी ढोरांच्या गोठ्यात होती, लेबल शाबूत आहे. सोमवारी दोघं यवतमाळला जाताहेत.