कबरीवरच्या पाटीसाठी ‘दया’ की ‘कृपा’?

प्रश्न

नमस्कार. मी नागपुरात माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. आमच्या शेजारी एक मराठी ख्रिस्ती कुटुंब राहते. त्यांचे वडील गेल्या वर्षी वारले आणि आता कबरीवर संगमरवरी पाटी बसवायची आहे. वडिलांची बरीच वर्षे दारूत गेली, घरच्यांना त्याचा फार त्रास झाला. शेवटची दोन वर्षे मात्र ते दर रविवारी न चुकता उपासनेला जात. कुटुंब यातले काहीच लपवत नाही. थोरल्या मुलाला पाटीवर ‘देवाच्या दयेने क्षमा पावलेले’ असे हवे आहे, तर धाकटी मुलगी ‘देवाच्या कृपेने’ यावर ठाम आहे. मुलाचे म्हणणे असे की, ज्याचे सारे बरे चालले आहे तोच ‘देवाची कृपा आहे’ म्हणतो. वडिलांच्या बाबतीत तो शब्द शोभणार नाही.

त्यांनी मला विचारले तेव्हा दोन्ही शब्द समानार्थी आहेत, कोणताही घ्या, असे मी सांगून टाकले. नंतर स्मरणार्थ झालेल्या उपासनेत बायबलमधल्या, प्रेषित पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पत्राचे वाचन ऐकले. त्याच्या आरंभी ‘कृपा, दया व शांती’ असे शब्द आहेत. अर्थ एकच असता तर दोन शब्द शेजारी शेजारी कशाला आले असते? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

ताई, आपल्याला पडलेली शंका योग्य आहे. माझे आजोबा चर्चच्या मंडळीचे ‘वडील’, म्हणजे पुढारी होते आणि हे दोन्ही शब्द मी नागपुरातल्या ‘सदर’ या वस्तीतल्या आमच्या घरात लहानपणापासून ऐकत आलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

बायबलच्या नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत येथे दोन वेगळे शब्द आहेत. ‘खारिस’ या शब्दासाठी मराठीत ‘कृपा’ रूढ झाला आणि ‘एलेओस’साठी ‘दया’. ‘एलेओस’ची नजर समोरच्याच्या दुःखावर असते: कोणी आजारी आहे, आंधळा आहे, अपराधाच्या ओझ्याखाली वाकला आहे, आणि पाहणाऱ्याचे मन द्रवते. ‘खारिस’ची सुरुवात मात्र देणाऱ्याच्या मनातून होते. ग्रीक भाषेत आनंदाचा शब्द, ‘खारा’, याच कुळातला आहे. आनंदाने, परतफेडीची अपेक्षा न ठेवता आणि घेणाऱ्याची पात्रता न तपासता दिलेले दान, असा अर्थ पौलाच्या लेखनात त्या शब्दाला येतो. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ‘कृपेनेच तुमचे तारण (म्हणजे उद्धार) झालेले आहे’ असे सांगून लगेच हे देवाचे दान आहे, असे तो म्हणतो, ते यासाठीच.

पौलाच्या बहुतेक पत्रांच्या आरंभी केवळ ‘कृपा व शांती’ असते. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रांत ‘दया’ची भर पडली आहे. पहिल्या पत्राचा तो अध्याय पुढे वाचला तर दोन्ही शब्द पुन्हा भेटतात. आपण पूर्वी निंदक आणि छळ करणारे होतो, तरी आपल्यावर दया झाली, असे पौल तेराव्या वचनात सांगतो, आणि चौदाव्यात प्रभूची कृपा विपुल झाली, असे म्हणतो. त्यानंतर तो स्वतःला पाप्यांतला मुख्य म्हणवतो. ‘कृपा’ हा शब्द येथे ज्याचे बरे चालले आहे अशा माणसाच्या तोंडी नाही, ही गोष्ट आपल्या शेजाऱ्यांच्या मुलाला अवश्य दाखवावी.

तरीही त्या मुलाला मी चूक ठरवणार नाही, कारण रोजच्या मराठीत ‘कृपा’ खरोखरच वरच्याकडून मर्जीतल्या माणसाकडे वाहते. साहेबांची कृपा, पुढाऱ्याची कृपादृष्टी, ‘आपल्या कृपेने सगळे ठीक आहे’ या प्रयोगांत कोणाचा तरी वशिला किंवा भरभराट डोकावते. शब्दाचे मूळ मात्र याच्या उलट आहे. ‘कृपा’ आणि ‘कृपण’ हे एकाच कुळातले शब्द आहेत. आज आपण कृपण म्हणजे कंजूष एवढेच समजतो. संस्कृतात त्याचा आधीचा अर्थ दीन, कीव यावी असा. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन ‘कृपया परयाविष्टः’ होतो तेव्हा तो समोरचे आप्त पाहून कळवळलेला असतो. तेथे मर्जीचा काही संबंध नाही. म्हणजे हा शब्द मुळात दीनासाठीच होता, आणि ख्रिस्ती मराठीने त्याला पुन्हा दीनाच्याच शेजारी आणून बसवले, असे मला वाटते.

हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो लूककृत शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) पंधराव्या अध्यायातल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथेत. वाट्याला आलेली मालमत्ता उडवून मुलगा डुकरांच्या कळपापाशी उपाशी बसलेला असताना घरी काय बोलायचे ते मनात जुळवतो: मी पाप केले आहे, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला योग्य नाही, मला एका मोलकऱ्यासारखे ठेवा. ही मागणी दयेची आहे. पोटाला मिळावे, इतकीच. मुलगा अजून दूर असतानाच बापाला त्याचा ‘कळवळा’ येतो, तो धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो, आणि मुलाच्या तोंडून मोलकऱ्याचे ते शेवटचे वाक्य बाहेर पडतच नाही. त्याच्या आधीच बाप चाकरांना उत्तम झगा, अंगठी आणि पायांत जोडा आणायला सांगतो. उपाशी मुलाला जेवू घातले असते तरी ती दया झाली असती; झगा आणि अंगठी ही कृपा आहे. ‘कळवळा’ येण्यासाठीचे मूळ ग्रीक क्रियापद ‘आतडी’ या अर्थाच्या शब्दावरून आलेले आहे. आतडे तुटणे म्हणजे काय ते मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही, आणि ‘कळवळा’ हा शब्द निवडणाऱ्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

प्रतिसाद २

एक पुरवणी. आम्ही कॅथलिक कुटुंबातले आहोत. आमच्या मिस्सामध्ये, म्हणजे मुख्य उपासनेत, आरंभीच ‘हे प्रभू, दया कर’ अशी विनवणी असते आणि पवित्र मरियेला मात्र आम्ही ‘कृपापूर्णे’ म्हणतो. तिला कोणी ‘दयापूर्णे’ म्हणत नाही. मूळ ग्रीक वचनातही तेथे ‘खारिस’वरूनच आलेले रूप आहे. कृपा ही केवळ अपराध्याला माफ करण्यापुरती नसून माणसाला आतून भरणारी आहे, हा अर्थ वरच्या प्रतिसादात थोडा मागे राहिला, म्हणून लिहिले.

‘करुणा’ या शब्दाचा येथे विचार व्हायला हवा, असेही वाटते. मात्र दीक्षाभूमीच्या या शहरात ‘करुणा’ म्हटले की मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा ही बौद्ध परंपरेतली मालिकाच प्रथम आठवते. त्यामुळे पाटीवर तो शब्द वेगळाच सूर लावील.

प्रश्नकर्त्या

दोघांचेही आभार. आज दोन्ही भावंडांना हे वाचून दाखवले. मुलाने त्यावर विचारले, ‘मग परीक्षेत कृपांक देतात तशीच ही कृपा का?’ मला चटकन उत्तर देता आले नाही.

प्रतिसाद १

प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण ‘कृपांक’ हा शब्द वरवर अगदी जवळचा वाटतो आणि नेमका तेथेच घोटाळा होतो. ज्याला उत्तीर्ण व्हायला ३५ गुण हवेत आणि जो बत्तिसावर अडला आहे, त्याला कृपांक मिळतात. त्यासाठी आधी काठाजवळ पोहोचावे लागते. कोरी उत्तरपत्रिका देणाऱ्याला ते कोणी देत नाही. शुभवर्तमानातली कृपा उरलेले तीन गुण भरून काढणारी नाही. येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या अपराध्याजवळ दाखवायला काहीही नव्हते. आपल्या कामांचे योग्य फळ आपण भोगत आहोत, हे त्याने स्वतःच कबूल केले होते. तरी ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ हे वचन त्याला मिळाले.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखलाही हेच सांगतो. नागपुरात सकाळी कामाची वाट पाहत थांबलेल्या मजुरांचा ठिय्या ज्याने पाहिला आहे त्याला तो लगेच कळेल. दिवस चढत जातो तशी तेथे उरलेल्या माणसांची आशा कमी होते. दाखल्यातला धनी दिवस संपायला एक तास उरला असताना अशाच, कोणी कामावर न लावलेल्या माणसांना मळ्यात नेतो आणि पहाटेपासून राबणाऱ्यांइतकीच मजुरी देतो. पहाटेच्या मजुरांची कुरकुर समजण्यासारखी आहे, आणि दाखला ती लपवत नाही. शेजाऱ्यांच्या वडिलांचे आयुष्य त्या शेवटच्या तासाचे होते. ज्या घरच्यांनी सारा दिवस ऊन सोसले त्यांना ही कृपा जड जात असेल, तर त्यात त्यांच्या विश्वासाची उणीव मी मानणार नाही.

आता पाटीविषयी. मुलाचा ‘दया’ हा शब्दही अस्थानी नाही. लूकच्या अठराव्या अध्यायातला जकातदार वर डोळे न उचलता ‘मज पाप्यावर दया कर’ म्हणतो, आणि अशा माणसाच्या तोंडी तोच शब्द शोभतो. (तेथे मूळ ग्रीक क्रियापद ‘एलेओस’चे नाही, प्रायश्चित्ताशी नाते असलेले आहे, पण मराठीत ‘दया’च रुळला आहे.) ‘दया कर’ ही मागणाऱ्याची भाषा झाली. पाटीवर ‘क्षमा पावलेले’ असे लिहायचे असेल, तर मागणे संपून मिळाल्याची नोंद होते आहे. म्हणून मी मुलीच्या बाजूने ‘देवाच्या कृपेने क्षमा पावलेले’ असे सुचवीन. वर लहान अक्षरांत जकातदाराची प्रार्थना घालता आली तर मुलाचा शब्दही राहील.

आणि कोरणाऱ्याला मजकूर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा. ‘कृपा’ऐवजी ‘क्रुपा’ कोरलेल्या पाट्या मी पाहिल्या आहेत, आणि संगमरवरावरचे अक्षर पुसता येत नाही.