मदत हवी आहे: पोअर-ओव्हरसाठी (पावडरीवर हाताने गरम पाणी ओतून गाळायची कॉफी) गूजनेक किटली (लांब, बारीक, वाकड्या चोचीची), गॅसवरची की इलेक्ट्रिक?

घरी हारिओ व्ही६० वर (कागदी फिल्टर लावायचा शंकूसारखा ड्रिपर) रोज कॉफी करतो. चिकमगळूरच्या बिया, लाइट रोस्ट (कमी भाजलेल्या), १५ ग्रॅमला २५० मिली पाणी. हँड ग्राइंडर आणि वजनकाटा आहे, तिकडे काही अडत नाही. अडतंय ते ओतण्यात.

साध्या इलेक्ट्रिक किटलीची धार भसकन पडते, पावडरीत मधोमध खड्डा होतो आणि पाणी कडेने फिल्टरला लागून निसटतं. स्टीलच्या छोट्या जगमध्ये काढून ओतलं तर धार बारीक येते, पण शेवटापर्यंत पाणी निवतं आणि कॉफी आंबट लागते. जग आधी गरम करूनही फार फरक पडला नाही.

बजेट चार हजारांपर्यंत. ६०० मिली पुरे, एका वेळी एकच कप करतो. घरात गॅस आहे, इंडक्शन नाही. पाणी बोअरचं, त्यामुळे किटलीत क्षार साचतात; चोचीची नळी आतून साफ करता येणं माझ्यासाठी फार महत्त्वाचं.

लाइट रोस्टला पाणी उकळीच्या जवळपासच लागतं. मग तापमान धरून ठेवणाऱ्या इलेक्ट्रिकसाठी जास्त पैसे मोजावेत, की गॅसवरची साधी गूजनेक उकळी येताच वापरली तरी चालेल? आणि गॅसवरचीची मूठ तापते का?