खोडव्यातल्या पाचटाची चाचणी आणि शेतकरी प्रशिक्षण: निधी कुठून मिळेल?

कृष्णाकाठ_वाळवा: आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. उसाचं पाचट (तोडणीनंतर उरलेली वाळलेली पानं) न जाळता खोडव्यात (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा येणाऱ्या पिकात) कुजवलं तर पाणी, भांगलण (तण काढणं) आणि टनेजमध्ये (उसाच्या उत्पादनात) किती फरक पडतो, हे सभासदांच्या रानात मोजायचंय. त्यावरच प्रशिक्षणही घ्यायचंय. अर्ज कुणाकडे करावा? सीएसआरचा (उद्योगांच्या सामाजिक जबाबदारी निधीचा) पैसा थेट आमच्या कंपनीला मिळतो का?

मिरज_माती: सीएसआरसाठी अंमलबजावणी संस्था म्हणून उत्पादक कंपनी चालत नाही. कलम ८ ची (ना-नफा) कंपनी, ट्रस्ट किंवा सोसायटी लागते. १२ए आणि ८०जी (प्राप्तिकर सवलतीच्या नोंदण्या), सीएसआर-१ (सीएसआर कामासाठीची सरकारी नोंदणी) आणि तशाच कामाचा ३ वर्षांचा अनुभव हवा. अशा संस्थेशी लेखी करार करा. प्रशिक्षण-प्रात्यक्षिकासाठी नाबार्डचा (राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेचा) कृषी क्षेत्र प्रोत्साहन निधी बघा. त्यांच्या जिल्हा विकास व्यवस्थापकांना आधी दोन पानी टिपण दाखवा. चाचणीसाठी कांचनपूरच्या कृषी विज्ञान केंद्राला त्यांचा वार्षिक आराखडा ठरण्याआधी भेटा.

खोडवा_कराड: बहुतेक अर्ज मागे पडतात कारण त्यात खरेदीची यादी असते, प्रश्न नसतो. पाचट कुट्टी यंत्राच्या किमतीआधी चाचणीचा आराखडा लिहा.

किमान ५ शेतकरी घ्या. प्रत्येकाच्या एकाच रानात १० गुंठे पाचट ठेवलेलं आणि शेजारी १० गुंठे नेहमीच्या पद्धतीचं. एकाकडे फक्त पाचट आणि दुसऱ्याकडे फक्त जाळलेलं, असं केलं तर फरक पाचटाचा की जमिनीचा, हे कळणारच नाही.

पाचट कुजवायला टनभर पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू संवर्धक अशी शिफारस आहे. युरिया टाळला तर कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. पण हाच युरिया आणि सुपर दुसऱ्या तुकड्यालाही तेवढाच द्या, नाहीतर वाढलेलं टनेज खताचं असू शकतं. अर्ज तपासणारी समिती हे हमखास विचारते. बुडखे मोकळे ठेवा. पाचटाखाली दबले तर फुटवे कमी येतात.

मातीचे नमुने खत टाकण्याआधी, ० ते १५ सेंमी खोलीवरून, तुकड्यात ८-१० ठिकाणचे एकत्र करून घ्या. बांध आणि उकिरड्याची जागा सोडा. एका हंगामात सेंद्रिय कर्ब वाढवून दाखवतो, असं मात्र अर्जात लिहू नका. तो इतक्या लवकर हलत नाही. पंपाचे तास, भांगलणीची मजुरी, फुटवे आणि टनेज एवढं पुरे.

टनेजच सगळ्यात जास्त हुकतं. ऊसतोड टोळी दोन्ही तुकड्यांचा ऊस एकाच ट्रॉलीत भरते आणि कारखान्याच्या वजनकाट्याची पावती एकच निघते. तोडीआधी स्लिपबॉय (तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा माणूस) आणि कारखान्याच्या गट कार्यालयाशी बोलून दोन खेपा वेगळ्या ठरवा.

हिशोब_सातारा: सरकारी निधी असेल तर स्वतंत्र बँक खातं उघडा. शेवटी जीएफआर (केंद्राचे सर्वसाधारण वित्तीय नियम) १२-ए नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र (निधी ठरल्या कामावरच खर्चल्याचा दाखला) द्यावं लागतं, आणि खात्यावरचं व्याजही हिशोबात दाखवून परत करायचं असतं. प्रशिक्षणाचे पैसे माती तपासणीवर वळवायचे असतील तर खर्चाआधी लेखी मंजुरी घ्या. नंतर घेतलेली ऑडिटमध्ये चालत नाही. तपासणीचा खर्च नमुन्यांच्या संख्येवरून मांडा: ५ शेतकरी, २ तुकडे, सुरुवात आणि शेवट, म्हणजे २० नमुने.