मर्सिडीज डब्ल्यू १२३ : पॉवर स्टिअरिंगचा प्रेशर होज कोठून न्यावा आणि कशाचा बनवावा?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९८२ सालची मर्सिडीज २४० डी, म्हणजे डब्ल्यू १२३ मालिकेतली गाडी आहे. मामांनी ती नैरोबीहून परतताना आणली होती आणि गेली अकरा वर्षे ती इंदुरात माझ्याकडे आहे. केनियातून आल्यामुळे गाडी उजव्या स्टिअरिंगची आहे, आणि माझ्या अडचणीचे मूळ नेमके तेथेच आहे.

तीन आठवड्यांपूर्वी महूहून परतताना राऊजवळ गाडी थांबवली, तेव्हा बॉनेटच्या फटीतून पांढरट धूर येताना दिसला. उघडून पाहिले, तर पंपाकडून स्टिअरिंग बॉक्सकडे जाणारा प्रेशर होज (दाबाखालचे तेल नेणारी नळी) बॉक्सकडच्या टोकाला, जेथे रबर धातूच्या टोपीत दाबून बसवलेले असते तेथे पाझरत होता आणि तेल थेट एक्झॉस्टच्या पाइपवर ठिबकत होते. आग लागली नाही हे नशीब. तेव्हापासून गाडी उभी आहे.

ज्यांनी हे इंजिन पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. या डिझेल इंजिनात पॉवर स्टिअरिंगचा पंप डाव्या अंगाला, इंजेक्शन पंपाच्या बाजूला आहे आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड उजव्या अंगाला. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत पंप आणि स्टिअरिंग बॉक्स एकाच बाजूला येतात, त्यामुळे होज आखूड असतो आणि गरम भागाच्या वाटेला जातच नाही. माझ्या गाडीत मात्र त्याला इंजिनाच्या पुढून आडवे येऊन एक्झॉस्टच्या शेजारून बॉक्सपर्यंत उतरावे लागते. या मालिकेच्या सुमारे २७ लाख गाड्या बनल्या, पण त्यांतल्या बहुसंख्य डाव्या स्टिअरिंगच्या असल्यामुळे ‘डब्ल्यू १२३ साठी’ म्हणून परदेशातून जो होज सहज मिळतो तो आपल्या उपयोगाचा नसतो. हे ज्ञान मला सीमाशुल्क भरून झाल्यावर मिळाले. आलेला होज बॉक्सपासून हातभर अलीकडेच संपतो.

सध्याचा मार्ग मूळचा असावा असे मला वाटत नाही. कोणीतरी होज पुढच्या क्रॉसमेंबरला (गाडीच्या सांगाड्यातल्या आडव्या दांड्याला) बांधणीच्या तारेने आवळला आहे, आणि तार जेथे घासली तेथे वरचे रबर कापले गेले आहे. शिवाय तेल परत आणणाऱ्या नळीच्या जागी एका गॅरेजने पूर्वी हीटरची रबरी नळी लावली होती. ती आता इतकी फुगून मऊ झाली आहे की बोटाने दाबली तर दबलेलीच राहते.

देवास नाक्यावर जेसीबी आणि ट्रॅक्टरचे होज बनवून देणाऱ्या एका दुकानदाराने दोन पदरी तारेचा तीन अष्टमांश इंची हायड्रॉलिक होज अर्ध्या तासात बनवून देण्याची तयारी दाखवली आहे. तो होज स्टिअरिंगला चालेल का, आणि चालत असल्यास एक्झॉस्टपासून किती अंतर ठेवून कोणत्या मार्गाने न्यावा, येथे माझे घोडे अडले आहे. दुसरे असे की त्याच्याकडची सर्व फिटिंग इंची मापाची दिसली, तर गाडीवरचे नट मेट्रिक असणार. जुन्या होजची वाकवलेली पोलादी नळी कायम ठेवून फक्त रबर बदलता आले तर सर्वांत बरे, कारण ती वळणे पुन्हा तशीच काढणारा कारागीर मला सापडलेला नाही.

प्रतिसाद : पिथमपूरकर

मी कारखान्यात हायड्रॉलिक यंत्रांची देखभाल पाहतो, गाड्यांचा जाणकार नाही, हे आधीच सांगतो.

दाबाच्या दृष्टीने तो होज गरजेपेक्षा कितीतरी भक्कम आहे. चाक शेवटपर्यंत वळवल्यावर पॉवर स्टिअरिंगमध्ये दाब साधारण ७० ते १०० बारपर्यंत (बार हे दाबाचे एकक) चढतो, आणि तीन अष्टमांश इंची दोन पदरी होज ३३० बारला चालतो. एक पदरी घेतलात तरी १८० बारची सोय आहे. अडचण दाबाची नाही, उष्णतेची आहे. साधा हायड्रॉलिक होज १०० अंशांपर्यंतच धरावा, आणि आपल्याकडे मे महिन्यात गर्दीत उभ्या राहिलेल्या डिझेल गाडीच्या एक्झॉस्टशेजारी ती मर्यादा सहज ओलांडली जाईल. त्यामुळे दुकानदाराकडे जास्त तापमानाचा होज आहे का ते आधी विचारा.

आट्यांबाबत घाई करू नका. तीन अष्टमांश बीएसपी (ब्रिटिश इंची मापाच्या) आट्यांचा बाहेरचा व्यास १६.६६ मिमी असतो आणि १६ मेट्रिकशेजारी ठेवला तर डोळ्यांना फरक कळत नाही. पण बीएसपीमध्ये इंचाला १९ आटे आणि कोन ५५ अंशांचा असतो, मेट्रिकमध्ये अंतर १.५ मिमी आणि कोन ६० अंशांचा. दोन फेरे बसतात, मग पान्याने आवळले की आटे मरतात. पंपाच्या तोंडातले आटे गेले तर होजचा खर्च किरकोळ वाटेल. व्हर्नियर आणि पिच गेज (आट्यांमधले अंतर मोजणारी पट्टी) लावून मापे येथे लिहा, शिवाय पोलादी नळीचा बाहेरचा व्यासही मोजा.

प्रतिसाद : वडोदराकर

माझ्याकडे याच मालिकेची गाडी वडोदऱ्यात आहे, म्हणून पिथमपूरकरांच्या म्हणण्यात थोडी भर घालतो, आणि एका बाबतीत मतभेदही नोंदवतो. स्टिअरिंगसाठी बनवलेला होज मुद्दाम थोडा फुगणारा असतो. पंपाच्या पाकळ्यांमुळे तेलात जे ठोके पडतात, ते तो फुगून स्वतःत जिरवतो. दोन पदरी तारेचा होज फुगत नाही, त्यामुळे ते ठोके सरळ बॉक्समध्ये आणि तेथून गाडीच्या पत्र्यात जातात आणि सावकाश चाक वळवताना घुमल्यासारखा आवाज येतो. धोका नाही, पण या गाडीची शांतता ज्याला प्रिय आहे त्याला तो आवाज खुपतो. स्टिअरिंगचाच होज मीटरवर मिळाला तर तो घ्या, नाहीतर एक पदरी घ्या. दोन पदरी घेऊ नका.

मार्गासाठी आधी वेल्डिंगची जाड सळई किंवा बागेतल्या पाण्याची जुनी नळी वाकवून नमुना करून पाहा. गाडी थंड असताना मोजलेले अंतर फसवे असते, कारण डिझेल इंजिन सुरू होताना आणि बंद होताना रबरी बैठकींवर चांगलेच डुलते, आणि पंप इंजिनावर असला तरी बॉक्स चेसिसवर असतो. म्हणजे होजला या दोहोंमध्ये हलायला सैलपणा हवा. सध्याच्या होजचे हाल त्या तारेने केले आहेत, त्याच्या वयाने नव्हे. रबराचे अस्तर असलेल्या क्लिपा लावा. एक्झॉस्टच्या बाजूने जाताना मी निदान चार बोटे अंतर ठेवले आहे आणि मध्ये पत्र्याची आडभिंत लावली आहे. कापडी उष्णतारोधक वेष्टण गुंडाळण्याचा मोह होतो, पण ते पाझरलेले तेल शोषून धरते आणि मग गळती दिसत नाही, वास तेवढा येतो.

हीटरची नळी आजच काढून टाका. ती पाण्यासाठी बनवलेल्या रबराची असते आणि खनिज तेलात फुगते. तिचे आतले कण सुटून तेलात गेले असतील, म्हणून पंपावरच्या टाकीतली गाळणीही बदला.

मूळ लेखक

दोघांचेही मनापासून आभार. मापे घेतली. पंपाकडच्या नटाचे आटे १६ गुणिले १.५ मेट्रिक निघाले आणि पोलादी नळीचा बाहेरचा व्यास बरोबर १० मिमी भरला. दुकानदार मला बीएसपी लावूनच देणार होता.

प्रतिसाद : पिथमपूरकर

मग आपले काम सोपे झाले. १० मिमी नळीसाठी जे हलक्या मालिकेचे मेट्रिक कटिंग रिंगचे (नट आवळला की नळीत रुतून बसणाऱ्या कड्याचे) फिटिंग मिळते त्याचा नटही १६ गुणिले १.५ चाच असतो आणि ते २५० बारपर्यंत सहज टिकते. जुन्या नळीची वळणे तशीच ठेवा, दाबलेल्या टोपीच्या अलीकडे सरळ भागात करवतीने काटकोनात कापा, कडा आतून-बाहेरून साफ करा आणि रिंग बसवा. होजला त्याच मालिकेचे २४ अंशी शंकूचे टोक क्रिम्प करून (यंत्राने दाबून) घ्या. टोपीवर वेल्डिंग किंवा ब्रेझिंग करू देऊ नका.

लांबी ठरवताना लक्षात असू द्या की दाबाखाली होज ४ टक्क्यांपर्यंत आखडतो, म्हणून ताणून बसवलेला होज आपल्याच टोकांना ओढत राहतो. तीन अष्टमांश होजचे वळण १३० मिमी त्रिज्येपेक्षा आवळ नको. शेवटचा नट आवळताना दुसऱ्या पान्याने टोक धरून ठेवा. होजवर छापलेली ओळ सरळ राहिली म्हणजे पीळ पडला नाही असे समजा.

मूळ लेखक

काम काल पूर्ण झाले. एक पदरी, जास्त तापमानाचा होज मिळाला. मार्ग क्रॉसमेंबरच्या वरून, तीन क्लिपांवर, एक्झॉस्टपासून चार बोटांवर ठेवला आणि पत्राही लावला. गाळणी नवी घातली, एटीएफ (स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल) भरले, पुढची चाके उचलून इंजिन बंद ठेवूनच दोन्ही बाजूंना वीसेक वेळा वळवली आणि मगच इंजिन सुरू केले. रात्रभर खाली पुठ्ठा ठेवला होता, तो सकाळी कोरडा निघाला. फक्त चाक अगदी शेवटपर्यंत वळवले की फुसफुसल्यासारखा आवाज येतो. हा होजचा आवाज का?

प्रतिसाद : वडोदराकर

टाकीचे झाकण उघडून तेलात फेस आहे का ते पाहा. फेस असेल तर हवा राहिली आहे, पुन्हा चाके उचलून वळवा. तेल स्वच्छ लाल असेल आणि आवाज केवळ शेवटच्या टोकाला येत असेल, तर तो दाब सोडणाऱ्या झडपेचा आहे. त्या टोकाला चाक दोन-चार सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका.