सबस्टन्स पी फसला म्हणून सगळेच रिसेप्टर बाद?

अर्धशिशीग्रस्त :
"वेदनेच्या न्यूरोपेप्टाइडांमागे, म्हणजे मज्जातंतूंतून स्रवणाऱ्या संदेशवाहक रेणूंमागे, धावण्यात कित्येक दशके वाया गेली, त्यांपैकी सबस्टन्स पी १९३१ साली सापडला, पण त्याचा संदेश झेलणारा एनके१ रिसेप्टर अडवूनही माणसाचे दुखणे थांबले नाही," असे काल येथे लिहिले गेले. ते वाचून गप्प बसवले नाही. सीजीआरपी या दुसऱ्या न्यूरोपेप्टाइडाचा साधा उल्लेखही का नाही? तो वेदना वाहणाऱ्या बारीक सी तंतूंतून स्रवतो, त्याचा रिसेप्टर शेजारच्या ए-डेल्टा तंतूंवर असतो, आणि ट्रायजेमिनल गँग्लियन, म्हणजे चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जापेशींचा पुंजका, रक्तातले रेणू मेंदूत सहज शिरू न देणाऱ्या रक्त-मेंदू अडसराबाहेर असल्यामुळे प्रतिपिंडासारखा अवजड रेणूही तेथवर पोहोचतो. हा रिसेप्टर अडवणाऱ्या एरेन्युमॅब या प्रतिपिंड-औषधाला २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मी महिन्यातले बारा दिवस उजव्या डोळ्यावर ओला रुमाल दाबून, टिकटिक सोसवत नाही म्हणून घड्याळातला सेल काढून, अंधारात पडून असे. आता असे दोन-तीनच दिवस येतात.

प्रयोगवही :
ते लिहिणारा मीच. आपल्याला आराम पडला याचे समाधान आहे, परंतु एकट्या अर्धशिशीवरून सगळ्या वेदनेचा निकाल लावता येत नाही. सीजीआरपीलाच अडवणारे गॅल्कानेझुमॅब गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या, म्हणजे सांधा झिजण्याच्या विकाराच्या, चाचणीत उपयोगी ठरले नाही. एनके१ अडवणारे अप्रेपिटंट तर २००३पासून केमोथेरपीच्या उलट्यांवर दिले जाते, म्हणजे औषध मेंदूपर्यंत नीट पोहोचते आणि तरीही दुखणे हटत नाही. उंदरांत मात्र याच गटातली औषधे गुणकारी दिसली होती.

मज्जारज्जू :
मग दोष रिसेप्टरचा की मोजमापाचा? काचेखालून उष्ण किरण सोडायचा, उंदराने पंजा किती सेकंदांत उचलला हे लिहायचे आणि त्या आपसूक होणाऱ्या प्रतिक्षेपाला वेदना म्हणायचे, या पद्धतीनेच सर्वांची दिशाभूल केली.

प्रयोगवही :
सहा वर्षे ते सेकंद मी मोजले आहेत. प्रयोगशाळेची पायरीही न चढलेल्यांनी हे मला शिकवू नये.

मज्जारज्जू :
पायरी चढलो नाही, पण नागीण बरी झाल्यावर आठ महिने बरगडीला सदरा टेकला तरी माझी आग होत असे. त्या काळात मी अंग चोरून निश्चल बसलेला असे. आपल्या स्टॉपवॉचने माझ्या नावापुढे काय नोंदवले असते?

प्रयोगवही :
काहीच नाही, हे मान्य करावे लागते. दुखणे शमले ती जागा उंदीर पुन्हा निवडतो का, हे पाहणारे प्रयोग आता होतात. ते आम्ही आधी करायला हवे होते. "वाया गेली" हे शब्द मी मागे घेतो, एनके१विषयीचे मत घेत नाही.