मदत हवी आहे: मिनेसोटाचं शाळाखर्चाचं टॅक्स क्रेडिट – आढावा आयोगाला लेखी निवेदन पाठवायचंय, काय मांडू?

नमस्कार मंडळी,

आम्ही अमेरिकेत, मिनेसोटातल्या सेंट पॉलजवळ राहतो. लेक आता चौथीत आहे. वाचताना तिला अक्षरं अडतात, ओळ सुटते. दुसरीत असताना बाईंनी बोलावून सांगितलं, तेव्हापासून आठवड्यातून दोनदा शिकवणी लावली. नेमकी त्याच सुमारास ह्यांची नोकरी गेली. वर्षभर घर माझ्या एकटीच्या पगारावर चाललं, आणि शिकवणी चालू ठेवायची की नाही यावर रोज रात्री बोलणं व्हायचं. बंद केली नाही.

२०२३ सालात शिकवणीला १,९०० डॉलर गेले. ज्यांच्याकडून टॅक्स भरून घेतला त्यांनी हा खर्च 'सबट्रॅक्शन'मध्ये, म्हणजे वजावटीत टाकला. सहावीपर्यंतच्या मुलांसाठी वजावटीची मर्यादा १,६२५ डॉलर. आमचा टॅक्स ५.३५ टक्क्यांच्या टप्प्यात, म्हणजे हातात पडले सुमारे ८७ डॉलर. पुढे एका मैत्रिणीकडून कळलं की याच खर्चावर क्रेडिटही आहे: खर्चाच्या ७५ टक्के, मुलामागे १,५०० डॉलरपर्यंत. आमचं उत्पन्न ७० हजारांच्या आत होतं, त्यामुळे आम्हाला १,४२५ डॉलर मिळायला हवे होते. आणि टॅक्स तेवढा नसला तरी उरलेली रक्कम परत मिळते.

सुधारित विवरणपत्र (एम१एक्स) भरायला साडेतीन वर्षांची मुदत असते, म्हणून बचावलो. चकलीच्या डब्यात पावत्या ठेवल्या होत्या. त्यातल्या अर्ध्यांवरची शाई उडालेली, उरलेल्यांवर नुसतं 'शैक्षणिक सेवा' लिहिलेलं. ना मुलीचं नाव, ना विषय. शिकवणाऱ्या बाईंनी एक आख्खा रविवार बसून सगळ्या पावत्या नव्यानं लिहून दिल्या, सोबत आपल्या पदवीची प्रतही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

आता मुद्द्याचं. इथल्या विधिमंडळानं २०२१ मध्ये करसवलतींचा आढावा घेणारा एक आयोग नेमला आहे, टॅक्स एक्स्पेंडिचर रिव्ह्यू कमिशन. प्रत्येक सवलत कशासाठी दिली, तिचा उपयोग होतो का, ठेवायची की बदलायची, हे तो पाहतो. आमच्या भागाच्या आमदारांच्या ऑफिसात फोन केला तर तिथल्या मुलीनं आपुलकीनं सांगितलं, "एक पान लिहून पाठवा, वाचलं जातं." ते एक पान मला जमत नाहीये. चार वेळा लिहिलं, चारही वेळा रडगाणं झालं. आयोगाला नेमकं काय ऐकायचं असतं? आणि मागायचं काय, क्रेडिटची रक्कम वाढवा की आणखी काही?

सायली_कोथरूड: ताई, वजावट आणि क्रेडिट यात एवढा फरक कसा? आपल्याकडे ८०सी मध्ये मुलांची फी दाखवतो तसंच ना हे?

(धागाकर्ती): वजावट ८०सी सारखीच. उत्पन्नातून रक्कम कमी होते, म्हणून ज्याचा टप्पा वरचा त्याला फायदा जास्त. क्रेडिट थेट टॅक्समधून वजा होतं. आपल्या ८७ए ची सूट टॅक्स शून्यावर आला की थांबते, इथलं हे क्रेडिट शून्याच्या खालीही जातं आणि चेक घरी येतो.

डुलुथचा_काका: पोरी, चार खर्डे झाले म्हणतेस, ते टाकू नकोस. फक्त क्रम बदल. आधी आकडा, मग लेक.

मी इथे बरीच वर्षं अशा सुनावण्या ऐकतो आहे. विचारलं जातं ते साधारण असं: सरकारचा किती महसूल जातो, तो कोणत्या उत्पन्नगटाच्या घरात पोचतो, हेतू साधतो का, आणि हेच पैसे सरळ शाळेला दिले असते तर बरं झालं असतं का. यातला दुसरा प्रश्न तुझा आहे. तुझं गणितच तिथे मांड. १,६२५ च्या वजावटीचे ५.३५ टक्क्यांना ८७ डॉलर होतात, सगळ्यात वरच्या ९.८५ टक्क्यांना १६०. ज्याला टॅक्सच नाही त्याला शून्य. म्हणजे ज्याला कमी गरज त्याला जास्त. क्रेडिटमध्ये हेच उलटं होतं. हे तीन आकडे एका ओळीत दिसले की वाचणारा थांबतो.

थोडा इतिहासही उपयोगी पडेल. वजावट १९५५ पासून आहे. खाजगी शाळेची फी तिच्यात बसते म्हणून खटला थेट वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टात गेला आणि १९८३ मध्ये वजावट पाच विरुद्ध चार मतांनी टिकली (म्युलर विरुद्ध ॲलन). क्रेडिट आलं १९९७ मध्ये. गव्हर्नर आर्नी कार्लसन यांनी त्यासाठी शिक्षणाचं आख्खं विधेयक परत पाठवलं होतं. क्रेडिटमध्ये खाजगी शाळेची फी चालत नाही, त्यामुळे त्या वादात पडूच नकोस. तुझा मुद्दा शिकवणीचा आहे.

आणि मागायचं काय म्हणशील, तर माझ्या मते रक्कम नको मागूस. २०२३ मध्येच मर्यादा हजारावरून दीड हजार झाली आणि उत्पन्नाची अटही बरीच सैल झाली. खरी अडचण अशी आहे की पैसे आज द्यावे लागतात आणि परत मिळतात पुढच्या वर्षी. क्रेडिट आधीच एखाद्या संस्थेच्या नावे करून शिकवणीचे पैसे तिच्याकडून भरून घेण्याची सोय कायद्यात आहे, पण ती किती आईबापांना ठाऊक असते? ते माग. शाळेनंच पालकसभेत हे सांगावं, असं लिही.

वुडबरीची_आई: काकांशी सहमत. एक भर घालते. आमच्या मुलाला त्याची आजी गणित शिकवायची, निवृत्त शिक्षिका, तीस वर्षं शाळेत काढलेली. तिला आम्ही दर महिन्याला पैसे देत होतो, पण आईवडील, आजीआजोबा किंवा भावंडानं शिकवलेलं धरत नाहीत. बाहेरचं कुणी असेल तर परवाना, पदवी, असं काहीतरी लागतं. संगीतासाठी मिनेसोटा म्युझिक टीचर्स असोसिएशनचं सभासदत्वही चालतं. हे आधी कळलं असतं तर पावत्या पहिल्यापासून नीट घेतल्या असत्या. कंप्युटरचंही लिहाच, त्याला सगळ्या कुटुंबाला मिळून २०० डॉलरच धरतात. दोन मुलांच्या घरात एक साधा लॅपटॉपही त्यात येत नाही.

(धागाकर्ती): काका, तुमचं उत्तर तीनदा वाचलं. 'आधी आकडा, मग लेक' हे कागदावर वरती लिहून ठेवलंय. क्रेडिट संस्थेच्या नावे करण्याचं मला खरंच माहीत नव्हतं. त्या वर्षी कळलं असतं तर कार्डावर उधारी झाली नसती.

वुडबरीच्या ताई, लॅपटॉपची ओळ घातली.

निवेदनाची सुरुवात आता अशी केली आहे: "एकाच मुलीची एकच शिकवणी. एका रकान्यात लिहिली तर ८७ डॉलर, दुसऱ्यात लिहिली तर १,४२५. दुसरा रकाना आहे हे आम्हाला शाळेनं सांगितलं नाही आणि टॅक्स भरून देणाऱ्यानंही सांगितलं नाही."

अजून कुणाला क्रेडिटऐवजी चुकून वजावट मिळाली असेल तर प्लीज इथे सांगा. नाव नको, फक्त साल आणि दोन्ही आकडे. शुक्रवारी रात्रीपर्यंत आले तर जोडते, शनिवारी पाठवणार आहे.