१९१८ चा चांदीचा रुपया, व्हीएफ (व्हेरी फाइन) म्हणू की त्याच्या वरची ग्रेड एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाइन)? मदत हवी आहे

मंडळी, आजीच्या डब्यातून पंचम जॉर्जचा १९१८ चा रुपया मिळालाय, मुंबई टांकसाळीचा, मागे खालच्या फुलाखाली टिंब आहे, वजन ११.६ ग्रॅम भरतंय म्हणजे झीज फार नसावी. मुकुटावरची नक्षी स्पष्ट आहे, झग्यावरच्या हत्तीची सोंडपण दिसते, पण भुवई आणि कानाची कड सपाट झालीये, म्हणून मला व्हीएफच्या वर वाटतंय पण एक्सएफ म्हणायला जीव धजत नाही. खरी अडचण म्हणजे घरात कोणीतरी चिंचेने घासलाय, बल्बखाली तिरका धरला की बारीक रेघा चमकतात. अशा साफ केलेल्या नाण्याला ग्रेड (झिजेनुसार ठरणारा दर्जा) मिळते का नुसतं 'डिटेल्स', म्हणजे नेहमीच्या ग्रेडऐवजी साफ केल्याचा शेरा? विकायचा नाहीये, नोंद नीट ठेवायचीय. जाणकारांनी प्लीज सांगा.